पाऊल सुजलंय, एक्स-रे मात्र स्वच्छ: हाडांची ठिसूळता पायात कशी दिसते

प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ६१. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी, रोज पहाटे देवीला जाऊन येऊन चारेक किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावरून. दसऱ्याच्या आदल्या दिवशी उजवं पाऊल वरच्या बाजूने सुजलं, टेकवलं की कळ येऊ लागली. पाय मुरगळल्याचं किंवा ठेच लागल्याचं आठवत नाही. चौथ्या दिवशी एक्स-रे काढला, तो नॉर्मल. युरिक अ‍ॅसिड किंचित जास्त आलं म्हणून त्याची गोळी सुरू झाली आणि क्रेप बँडेज बांधलं. वेदनाशामक घेऊन आई आठवडाभर घरकामाला लागल्या आणि सूज वाढली. मधल्या काळात एका शिबिरात टाच यंत्रात ठेवून तपासणी झाली आणि ‘हाडं ठिसूळ’ असा कागद हातात पडला. १८ वर्षांपूर्वी गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलेली आहेत. अंगठा बराच वाकडा आहे. हाडांच्या ठिसूळतेचा या दुखण्याशी संबंध आहे का, आता काय करायचं, आणि चपला कशा घ्यायच्या?

संबंध आहे. पन्नाशी उलटलेल्या बाईचं पाऊल मार न लागता दुखू लागलं आणि दुखरी जागा तिला एका बोटाने दाखवता आली, तर हाडाला तडा गेलाय असंच धरून चालायचं. तडा नाही हे नक्की होईपर्यंत पाऊल तसंच सांभाळायचं, पहिला एक्स-रे काहीही म्हणो. हाताने तपासल्याशिवाय निदान होत नाही, त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवाच. पण त्याआधी आज एक गोष्ट करा. त्या पायात जोडवी असतील तर काढून ठेवा. साबणाचं पाणी लावून, बोट वर धरून, हलकं फिरवत काढा. सूज चढली की जोडवं बोटात रुततं आणि मग कापावं लागतं. बऱ्याच बायकांना ते काढणं जिवावर येतं. दुसऱ्या पायातलं राहू द्या, हे सूज उतरल्यावर परत घालता येईल.

आता हे का झालं असावं ते पाहू. एका पावलात २६ हाडं, दोन्ही मिळून ५२, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांचा चौथा हिस्सा पावलांतच आहे. बोटांच्या मागे पाच लांब हाडं असतात, त्यांना मेटाटार्सल म्हणतात. अंगठ्यामागचं हाड आखूड आणि जाड असतं आणि चवड्यावरचा मोठा भार तेच घेतं. दुसऱ्या बोटामागचं हाड लांब आणि बारीक असतं, आणि त्याचं मागचं टोक शेजारच्या हाडांच्या खाचेत पाचरीसारखं घट्ट बसलेलं असतं. त्यामुळे ते फारसं हलत नाही. अंगठा बाहेर वाकला की त्याच्यामागचं जाड हाड आपला वाटा उचलत नाही आणि तो भार दुसऱ्या-तिसऱ्या हाडावर जातो. आईंच्या तळपायाला दुसऱ्या बोटाच्या मुळाशी घट्टा पडला असेल तर भार तिथे पडतोय याचा तो पुरावाच समजा. तडा जातो तोही बहुधा याच दोन हाडांना, बोटांच्या मुळापासून थोडं मागे, हाडाच्या निमुळत्या मानेशी किंवा मधल्या दांड्याला.

हाड रोज थोडं झिजतं आणि त्याची रोज डागडुजी होते. चालताना त्यात सूक्ष्म चिरा पडतात. त्या बुजवण्याआधी शरीर खराब झालेला भाग खरवडून काढतं, रस्त्यावरचा खड्डा भरण्याआधी कडा चौकोनी कापून घेतात तसं. खरवडण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं, पण भरून पक्कं व्हायला तीन-चार महिने आणि कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून चालणं एकदम वाढवलं की साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात हाड सगळ्यात कच्चं असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, खरवडण्याचा वेग वाढतो आणि भरणं मागे पडतं. मुळातच पातळ झालेलं असं हाड दुसऱ्या आठवड्याची वाटही पाहत नाही.

१८५५ साली प्रशियाच्या लष्करातले शल्यचिकित्सक ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांची सुजलेली पावलं नोंदवून ठेवली. एक्स-रेचा शोध १८९५ चा, त्यामुळे आतलं हाड मोडलेलं असतं हे पुढे कळलं. ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव तिथून आलं. सैनिकाचं हाड धडधाकट असतं, भार अफाट असतो. ठिसूळ हाडाच्या बाबतीत उलट घडतं: भार रोजचाच असतो, हाडच कमी पडतं. दोन्ही एकत्र आलं की काय होतं ते नवरात्रानंतर दिसतं आणि आषाढातही दिसतं. देहू-आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, जवळपास तीन आठवडे, आणि वर्षभर घर ते बाजार एवढंच चालणारी साठीची बाई. वरचं आठवड्यांचं गणित या तीन आठवड्यांवर ठेवून पाहा.

घरी तपासायचं असेल तर असं तपासा. आईंना खुर्चीवर बसवा, पाऊल तुमच्या मांडीवर घ्या. दोन्ही पावलं शेजारी ठेवून वरून पाहा. निरोगी पावलावर बोटांकडे जाणाऱ्या शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या उठून दिसतात, सुजलेल्या पावलावर त्या बुजलेल्या असतात. आता तर्जनीच्या टोकाने प्रत्येक लांब हाडावर, बोटाच्या मुळापासून मागे, पेरापेराने दाबत जा. तुमचं नख पांढरं पडेल इतकाच जोर लावा. तडा असेल तर एकाच हाडावर, पेराएवढ्या जागेत, आई पाय मागे ओढतील. हाडावर काही न दुखता तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या बेचक्यात झिणझिण्या येत असतील तर ती दबलेल्या नसेची तक्रार असू शकते. अंगठ्याच्या मुळाशी रातोरात लालबुंद सूज, चादरीचा स्पर्शही सहन न होणं, हे गाऊटचं, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साचून येणाऱ्या सुजेचं चित्र आहे. नुसतं युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणजे गाऊट झाला असं होत नाही; अनेकांचं ते वाढलेलं असतं आणि त्यांना आयुष्यात कधी गाऊट होत नाही. चालू गोळी मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि एका पायावर उडी मारून पाहायला कोणी सांगितलं तर या वयात ते करू नका. खेळाडूंसाठीची ती चाचणी आहे.

चौथ्या दिवशीचा एक्स-रे नॉर्मल आला यात एक्स-रेचा दोष नाही. केसाएवढ्या भेगेत हाडाचे दोन्ही काठ एकमेकांना चिकटूनच असतात, त्यामुळे फिल्मवर फट दिसत नाही. शरीर भेगेभोवती नवं हाड घालू लागतं तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी तिथे कापसाच्या बोळ्यासारखा पांढुरका गोळा दिसतो. म्हणून दुसरा एक्स-रे पहिल्यानंतर दोन ते तीन आठवड्यांनी, समोरून, तिरका आणि बाजूने असे तीन कोनांतून घ्यायचा. तुम्ही आता त्या मुदतीत आला आहात, तेव्हा आधी तोच करा. तरीही उलगडा झाला नाही तर एमआरआय. त्यात पहिल्या काही दिवसांतही कळतं. अहवालात ‘बोन मॅरो इडिमा’ असं लिहून आलं की घरचे घाबरतात, गाठ वगैरे शंका येतात. त्याचा अर्थ हाडाच्या आत सूज, पाणी धरलंय, एवढाच. आणि निदानाला एमआरआय लागलाच पाहिजे असंही नाही. नेमकी दुखरी जागा, वाढलेलं चालणं आणि वय यावर उपचार आजच सुरू करता येतात.

दुसऱ्या ते चौथ्या मेटाटार्सलच्या दांड्याचा तडा बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय जुळतो. चवडा वाकू द्यायचा नाही, एवढंच खरं काम. त्यासाठी कडक, सपाट तळाचा पोस्ट-ऑप शू किंवा वॉकर बूट चार ते सहा आठवडे वापरतात. टेकवायला बंदी नसते. दुखणार नाही इतका भार द्यायचा. वॉकर बूट तळाने जाड असतो, त्या बाजूने माणूस दोन-तीन सेंटीमीटर उंच होतो. दुसऱ्या पायात पातळ स्लीपर ठेवली तर आठवड्याभरात कंबर आणि दुसरा गुडघा दुखू लागतो आणि तोल जातो. म्हणून दुसऱ्या पायात तेवढ्याच जाडीचा बूट घाला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची: उजवं पाऊल दुखतंय तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवं पाऊल एकाच वेळी पुढे. दहातले आठजण दुखऱ्या बाजूलाच धरतात असं वाटावं इतकी ही चूक सर्रास होते.

सूज उतरायला पाऊल छातीच्या पातळीच्या वर, उशांच्या उतरंडीवर, दिवसातून तीन-चार वेळा वीस-वीस मिनिटं. खुर्चीवर बसून समोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय छातीच्या खालीच असतो, त्याचा फारसा उपयोग नाही. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं चालेल, पण पायाला बधिरपणा असेल तर बर्फ नको आणि शेकही नको. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्यायचं, दिवसभरात ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास असेल तर विचारून. जोरकस वेदनाशामकांनी दोन गोष्टी बिघडतात: या वयात मूत्रपिंड, रक्तदाब आणि पोट यांवर ताण येतो, आणि दुखणं झाकलं गेल्यामुळे माणूस तडा गेलेल्या हाडावर चालत राहतो. तुमच्या आईंची सूज दुसऱ्या आठवड्यात वाढली ती बहुधा यामुळेच. तेल लावून चोळणं, हाडवैद्याकडून ओढून घेणं, गरम विटेचा शेक, हे सगळं आता बंद. चिकटलेले काठ चोळण्याने सरकतात आणि मग सहा आठवड्यांचे तीन महिने होतात.

पण अंथरुणाला खिळवूनही ठेवू नका. झोपून राहिलेल्या माणसाचं हाड आणि पोटरीचा स्नायू दोन्ही झपाट्याने उतरतात. घोटा वर-खाली, दर तासाला वीस वेळा हलवायला सांगा. पोटरी सुजली, दाबल्यावर दुखली किंवा धाप लागली तर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

सगळे तडे मात्र इतके सोशिक नसतात. करंगळीमागच्या हाडाच्या मुळापाशी, आणि घोट्यापुढे पावलाच्या माथ्यावर असलेल्या नॅव्हिक्युलर या होडीच्या आकाराच्या हाडात रक्तपुरवठा तोकडा असतो. तिथे बोट टेकवल्यावर कळ आली तर सहा ते आठ आठवडे अजिबात भार न देता प्लॅस्टर, आणि कधी स्क्रू. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टेंगळापासून चार-पाच बोटं वर दुखत असेल आणि पाऊल सपाट होऊन टाच बाहेर वळलेली असेल तर फिब्युला, म्हणजे पोटरीतलं बाहेरचं बारीक हाड, तपासायला सांगा. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनीही सावध राहावं. वर्षानुवर्षं धनुष्यासारखे वाकलेले पाय एका दिवसात सरळ होतात, पावलावर भार नव्या जागी पडतो, आणि दुखणं थांबल्याने माणूस उत्साहाने चालतो. काही आठवड्यांनी टाच किंवा चवडा सुजतो, आणि सगळे मात्र गुडघ्याकडेच पाहत राहतात.

टाचेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण चुकीचे उपचार सगळ्यात जास्त तिथेच होतात. टाचेचं हाड जवळजवळ सगळं जाळीदार असतं, बाहेर पातळ टरफल आणि आत स्पंजासारखी जाळी. ठिसूळतेत आधी जाळीच विरते. त्यामुळे तडा टाचेतही जातो, आणि त्याला टाचदुखी म्हणून वर्षभर मऊ पॅड घातले जातात. ओळखायचं असं: तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं, म्हणजे प्लांटर फॅसायटिस, सकाळच्या पहिल्या पावलाला सर्वांत जास्त असतं, दहा-वीस पावलांनी सैल होतं, आणि टाचेच्या खाली, आतल्या बाजूला दाबलं की दुखतं. हाडाचा तडा चालू तसा वाढत जातो. दोन्ही तळहातांत टाच दोन्ही बाजूंनी, लिंबू पिळताना धरावं तशी धरून दाबली की आई किंचाळतील. तसं झालं तर टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. एक्स-रेत टाचेखाली टोकदार ‘वाढलेलं हाड’ दिसतं, ते ज्यांना कधी टाच दुखलेली नाही अशा कितीतरी लोकांतही असतं. त्यावर ठपका ठेवून पुढचा शोध थांबवू नये. दोन-तीन आठवड्यांनी टाचेच्या मागच्या भागात जाळीच्या रेषांना छेदणारी पांढरी रेघ दिसली की निदान पक्कं.

मधुमेह असेल तर वरचं बरंचसं बाजूला ठेवावं लागतं. पाऊल लाल, गरम, सुजलेलं आणि तरी फारसं दुखत नाही, हे चिन्ह घातक आहे. नसा बधिर झालेल्या असल्याने हाडं मोडत जातात आणि कळत नाही. याला शार्को फूट म्हणतात. दोन्ही पावलांच्या तापमानात २ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा जास्त फरक असेल, हाताच्या पाठीलाही तो जाणवतो, तर त्याच दिवशी चालणं बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. जंतुसंसर्ग समजून नुसती अँटिबायोटिक्स देत राहिलं तर काही आठवड्यांत पावलाची कमान कोसळून तळवा होडीसारखा फुगतो. मधुमेहात डेक्सा (हाडाची घनता मोजणारी एक्स-रेची तपासणी) बरा येऊनही हाड मोडू शकतं, कारण तिथे हाडाचं प्रमाण ठीक असलं तरी दर्जा खालावलेला असतो.

आता शिबिरातल्या कागदाकडे येतो. टाचेची ती तपासणी ध्वनिलहरींची असते. चाळणी म्हणून ठीक, निदान म्हणून नाही. त्यावरचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करून काढलेला आकडा) आणि डेक्सावरचा टी-स्कोअर एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. मणका आणि खुबा यांचा डेक्सा करून घ्या. टी-स्कोअर -२.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडांची ठिसूळता; -१ ते -२.५ मधला टप्पा ऑस्टिओपेनियाचा, म्हणजे हाड विरळ होऊ लागल्याचा. आणि -२.१ आलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही; मार न लागता हाड मोडलंय ही गोष्ट आकड्याइतकीच वजनदार आहे. आईंची अंडाशयं ४३ व्या वर्षी काढली गेली, म्हणजे इस्ट्रोजेनचा आधार बऱ्याच वर्षं आधी तुटला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्यांतल्या ज्यांची अंडाशयंही गेली, त्यांच्या हाडांचा हिशोब पुढची तीस वर्षं चालू राहणार आहे. डोक्यावर मोळी, पायात झिजलेली चप्पल, आणि हाडाची तपासणी कधीच नाही. घरात, शेजारी अशी कोणी असेल तर तिचं पाऊल दुखण्याची वाट पाहू नका.

डेक्साबरोबर रक्ताच्या तपासण्या: कॅल्शिअम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, पीटीएच (रक्तातलं कॅल्शिअम सांभाळणारं संप्रेरक), थायरॉइड, हिमोग्राम. एक फरक इथेच कळतो आणि तो फार महत्त्वाचा आहे. ड जीवनसत्त्व तळाला गेलं असेल, अल्कलाइन फॉस्फटेज चढलेलं असेल, अंगभर दुखत असेल, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागत असेल आणि चाल बदकासारखी झाली असेल, तर तो ऑस्टिओमलेशिया असतो, म्हणजे हाड मऊ पडणं. त्यातही डेक्सा कमीच येतो आणि त्यातही मेटाटार्सलला तडे जातात. पण उपाय वेगळा. तिथे आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शिअम. हाडाची झीज थांबवणारी औषधं आधीच दिली तर रक्तातलं कॅल्शिअम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं.

ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल कमतरतेत आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे, मग महिन्यातून एकदा असं देतात. चिठ्ठी नीट न वाचता ते रोज घेतलं जातं, आणि मग उलट्या, बद्धकोष्ठ, गुंगी, मूत्रपिंडाला इजा होते. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. कॅल्शिअमची गरज पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅमच्या आसपास. कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळतं, वाटीभर दह्यातही जवळपास तेवढंच, नाचणीच्या एका भाकरीत १५० च्या आसपास. आधी हा हिशोब मांडा, उरलेलं गोळीतून. ‘१,२५० मिलिग्रॅम’ छापलेल्या कॅल्शिअम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शिअम ५०० मिलिग्रॅमच असतं. ती जेवणासोबत घ्यायची, एका वेळी एकच. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायची, आणि लोहाची गोळीही तिच्यासोबत घ्यायची नाही.

ऑस्टिओपोरोसिसची औषधं तज्ज्ञ ठरवतील, पण घेण्याची रीत घरात पाळावी लागते. अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर उपाशी पोटी, भांडंभर साध्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही. चहासोबत घेतलं तर औषध अंगी लागतच नाही, आडवं पडलं तर अन्ननलिका भाजते. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा सलाइनमधून. पहिल्यांदा दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी. ते मधेच सोडलं तर मणके एकापाठोपाठ मोडू शकतात, त्यामुळे पुढची तारीख चुकवायची नाही. दात काढायचे असतील तर ही औषधं सुरू करण्याआधी काढून घ्या.

चपलांबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, पण आईंच्या रोजच्या दिवसात त्यांचाच वाटा मोठा आहे. दुकानात चप्पल हातात घ्या आणि ओला कपडा पिळतो तशी पिळून पाहा. सहज पिळली गेली तर ठेवून द्या. मग टाच आणि पुढचं टोक धरून वाकवा: ती बोटांच्या रेषेवर वाकली पाहिजे, मध्यभागी नाही. आतल्या थरावर अंगठा दाबला की थोडा आत जाऊन परत वर यायला हवा. टाच अडीच सेंटीमीटरपेक्षा उंच नको. मागे पट्टा हवाच, कारण पट्टा नसलेली चप्पल धरून ठेवायला बोटं सतत आकसतात आणि चवड्यावर भार वाढतो. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. उभं राहून कागदावर पावलाची बाह्यरेषा काढून न्या आणि चप्पल त्या कागदावर ठेवा. रेषा चपलेबाहेर दिसली तर ती अरुंद आहे, दुकानदार ‘चामडं सैल होतं’ म्हणाला तरी. एमसीआरचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराचा मऊ थर असलेली, खाली टिकाऊ रबरी तळ असलेली चप्पल स्वस्त आणि उत्तम. कोल्हापुरी सुंदर असते, पण तिचा चामडी तळ कडक, मागे पट्टा नाही आणि ओल्या फरशीवर ती घसरते. लग्नकार्यापुरती ठेवा.

चवड्याखाली पॅड लावायचा असेल तर तो दुखऱ्या जागेच्या खाली लावायचा नसतो. त्याच्या अर्धा-एक सेंटीमीटर मागे, टाचेच्या दिशेने लावायचा, म्हणजे हाडाचं डोकं उचललं जातं. बरोबर खाली लावला तर तिथला दाब उलट वाढतो. घरात अनवाणी राहण्याची आपली सवय आहे, पण शहाबादी किंवा टाइल्सच्या फरशीवर दिवसाचे आठ तास ओट्याशी उभं राहणं हाही भारच. घरासाठी वेगळा, धुतलेला जोड ठेवा. देवघरात तो काढून सतरंजीवर बसता येईल.

पाऊल बरं झाल्यावर, म्हणजे बोटाने दाबून न दुखल्यावर आणि एक्स-रेत जोड दिसल्यावर, व्यायाम सुरू करा. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, तीन मोजेपर्यंत वर, तीन मोजत खाली, दहा वेळा, दोन फेऱ्या. एका पावलापुढे दुसरं ठेवून अर्धा मिनिट उभं राहणं. मग आधाराला हात जवळ ठेवून एका पायावर दहा सेकंद, हळूहळू तीसपर्यंत. पाठीला पोक आलेल्या माणसाचा भार पुढे चवड्यावर झुकलेला असतो आणि तोल लवकर जातो. ठिसूळ हाडाच्या माणसाचा खुबा बहुतेक वेळा पडण्यानेच मोडतो. म्हणून न्हाणीघरात धरायला दांडा, खाली खडबडीत रबरी चटई, रात्री वाटेवर दिवा आणि दारातलं पायपुसणं न सरकणारं, हेही पायाच्या उपचारात धरा.

चालणं एकदम पूर्वीवर नेऊ नका. सपाट मातीच्या मैदानावर दहा मिनिटं, एक दिवस आड, आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ. चालताना किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्याच जागी दुखलं तर एक आठवडा मागे जायचं. पुढच्या नवरात्राचं आत्ताच बोलून ठेवा, घटस्थापनेच्या आदल्या रात्री नाही. वाट चपलेने चालायची, चप्पल देवळाच्या पायरीशी काढायची आणि गाभाऱ्यापर्यंत अनवाणी जायचं. आईंनी हे स्वतः ठरवलं तरच टिकेल, म्हणून त्यांना एक्स-रे दाखवून समजवा. आणि रोजच्या चार किलोमीटरची तयारी आधी बारा आठवडे सुरू करा, त्याच चपलेत.